स्लॅबच्या पोटातील लोखंड

गेल्या काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यातील ही गोष्ट. आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात मुलांना अभ्यासाला बसण्यासाठी एक लांब बाक आहे. एके दिवशी पहाटे त्या बाकावर छताचा मोठा पोपडा कोसळला. मुले प्रार्थनेला गेलेली असल्याने बाक रिकामा होता, एवढेच आमचे भाग्य. आवाजाने आम्ही धावत गेलो. दोन पाट्या भरतील एवढा माल खाली पडला होता. त्यातील एक तुकडा उचलून उलटा केला, तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला सळईचा लांबट ठसा दिसला आणि त्या ठशात तपकिरी भुकटी भरलेली होती. वर पाहिले तर सळई उघडी पडली होती. बोटाने खरवडताच तिचे पापुद्रे निघत होते.

त्याच जागी पूर्वी तीन वेळा प्लास्टर केले गेले होते, हे जुन्या हिशेबाच्या वह्या चाळल्यावर आम्हांस कळले. दर वेळी भेग बुजली, रंग लागला आणि सर्वजण निर्धास्त झाले. आम्ही इतरांना दोष देत नाही. पूर्वीच्या एका ठिकाणी सणाच्या आदल्या आठवड्यात छताच्या भेगेवर सिमेंटचा लेप देऊन चुन्याचा हात मारण्याचे काम आम्हीही मोठ्या समाधानाने करवून घेतले आहे. त्या पहाटेनंतर मात्र आम्ही जाणकार अभियंत्यांना आणि जुन्या गवंड्यांना विचारू लागलो, मिळेल ते वाचू लागलो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आपल्या कुटुंबांच्या डोक्यावर आज जे छप्पर आहे, त्याचा इतिहास आपणांस ठाऊक असावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

कुडापासून स्लॅबपर्यंत

या टापूतील जुने घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, वर साग-ऐनाचे वासे आणि त्यांवर गवत किंवा नळीची कौले. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी, सर्वांची घरे थोड्याफार फरकाने याच घडणीची. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कौले शाकारावी लागत, कूड लिंपावा लागे. म्हणजे घराची दुरुस्ती हा वर्षाच्या कामांचाच एक भाग होता. शेताची राबणी जशी कोणी चुकवीत नसे, तसेच घराचे शाकारणेही चुकवीत नसे.

नंतर विटांच्या भिंती आल्या, मंगलोरी कौले आली आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत स्लॅब आला. स्लॅबचे घर हे प्रतिष्ठेचे चिन्ह ठरले. शाळा, दवाखाने, चर्चची सभागृहे, ग्रामपंचायती, पुढे सरकारी घरकुले, सर्वत्र काँक्रीट दिसू लागले. पण स्लॅब आल्याबरोबर एक समजूतही आली, की आता दर वर्षीची कटकट संपली. स्लॅबला शाकारणी नाही, लिंपण नाही. एकदा ओतला की नातवंडांपर्यंत पाहायला नको! आमच्या मते आजच्या बहुतेक संकटांचे मूळ या एका समजुतीत आहे.

दोन पदार्थांची सोबत

काँक्रीट ही काही नवी वस्तू नव्हे. रोममधील पँथिऑन हे मंदिर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, सम्राट हेड्रियनच्या काळात बांधले गेले. इ. स. ६०९ पासून ते ख्रिस्तमंदिर आहे. त्याचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट काँक्रीटचा आहे आणि त्यात लोखंडाची एकही सळई नाही. आपल्या वसईच्या किल्ल्यातील चर्चांच्या भिंती आठवाव्यात. छपरे कधीच गेली, पण दगड-चुन्याच्या त्या भिंती इतक्या पावसाळ्यांनंतरही उभ्या आहेत. जेथे लोखंड नाही तेथे गंज नाही. म्हणून या वास्तू टिकल्या.

मग लोखंड घालायचेच कशाला? कारण काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण त्याला सोसवत नाही. सपाट छताला वरून भार आला, की त्याची खालची बाजू ताणली जाते आणि तेथे ते तडकते. पोलादाला ताण सोसतो. शिवाय उष्णतेने दोन्ही पदार्थ जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे उन्हातान्हात एकमेकांना सोडीत नाहीत.

१८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलँड सिमेंटचे एकस्व घेतले. फ्रान्समध्ये लॅम्बो नावाच्या गृहस्थाने १८४८ साली तारांच्या जाळीवर सिमेंट थापून चक्क एक होडी केली. जोसेफ मोनिए हा तर बागवान; झाडे लावण्याच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्याचे एकस्व घेतले. १८९२ मध्ये हेनेबिक याने खांब, तुळई आणि लादी यांची एकसंध पद्धत बसविली. आज आपले मिस्त्री ज्याला कॉलम, बीम आणि स्लॅब म्हणतात, ती रचना तेव्हापासूनची.

ख्रिस्तमंदिरांनीही हा पदार्थ लवकर स्वीकारला. पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवरील संत योहानाचे चर्च १८९४ ते १९०४ या काळात लोखंडयुक्त सिमेंटमध्ये उभारले गेले. एवढ्या सडपातळ खांबांवर इमारत कशी टिकेल, या शंकेने त्याचे काम मध्यंतरी अडलेही होते. १९२३ साली पॅरिसजवळच्या ल रेंसी येथे ओगुस्त पेरे या वास्तुशिल्पकाराने संपूर्ण उघड्या काँक्रीटचे चर्च बांधले. ते जगभर नावाजले गेले. पण आतील लोखंड गंजल्याने त्याच शतकाच्या अखेरीस त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली.

गंज आत शिरतो कसा?

लोखंड खाणीतून निघते ते मातकट खनिजाच्या रूपात. भट्टीत घालून आपण त्याला पोलाद करतो. हवा आणि पाणी मिळताच ते पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे जाऊ पाहते. त्यालाच आपण गंज म्हणतो. काँक्रीटमध्ये मात्र पोलाद सुरक्षित राहते, कारण ताजे काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते. रसायनशास्त्राच्या मापाने त्याचा सामू साडेबारा-तेराच्या घरात असतो. अशा वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि तो आहे तोवर गंज चढत नाही.

हे संरक्षण दोन शत्रू मोडतात. पहिला म्हणजे हवेतील कर्बवायू. तो काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत जातो आणि तेथील अल्क मारून टाकतो. सामू नऊच्या खाली आला, की सळईचा पापुद्रा नाहीसा होतो. हा वायू जसजसा खोल जातो, तसतशी त्याची गती मंदावते. समजा, पहिल्या दहा वर्षांत तो दहा मिलिमीटर आत गेला, तर वीस मिलिमीटर जाण्यास त्याला चाळीस वर्षे लागतील. म्हणजे सळईवरचे काँक्रीटचे आवरण, ज्याला बांधकामावर 'कव्हर' म्हणतात, ते दुप्पट ठेवले तर संरक्षणाचा काळ चौपट होतो. उलट, सेंटरिंगवर सळई नुसतीच टाकली आणि तिच्याखाली जेमतेम पाच मिलिमीटर माल राहिला, तर त्याच हिशेबाने अडीच वर्षांत सळई उघड्यावर पडल्यासारखीच होते. कव्हरसाठी सळईखाली ठेवायचा सिमेंटचा ठोकळा पाहायला अगदी क्षुल्लक, पण घराचे आयुष्य त्याच्यावर ठरते.

दुसरा शत्रू मीठ. क्षाराचे कण सळईपर्यंत पोहोचले, की काँक्रीट अल्कधर्मी असूनही ते संरक्षक पापुद्रा ठिकठिकाणी फोडतात आणि सळईला खोल खड्डे पाडतात. आपली गावे समुद्रापासून दूर आहेत. पण ठाण्याच्या खाडीतील रेती ट्रकांत भरून येत असे, आणि ती गोड्या पाण्याने नीट धुतलेली नसली, तर मीठही तिच्याबरोबर येई.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते. पोटात फुगणाऱ्या या गंजाला जागा हवी असते, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग दिसते, मग तपकिरी डाग, मग पोकळ आवाज आणि शेवटी पोपडा. म्हणजे डोळ्यांना भेग दिसते, तेव्हा आतील दुखणे बरेच जुने झालेले असते.

कोयना, भातसा आणि मांडवी

सर्वच भेगा गंजाच्या नसतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या काही भागांना पुढून-मागून आडव्या भेगा पडल्या. धरण फुटले नाही, पण फुटेल काय, हा प्रश्न अवघ्या महाराष्ट्रापुढे होता. अभियंत्यांनी भेगांत इपॉक्सी नावाचे चिकट रसायन दाबाने भरले, पोलादी केबलींनी धरण ताणून बांधले आणि पुढे मागील बाजूस काँक्रीटचे भक्कम धिरे उभारले. भेग नुसती झाकून भागत नाही, तिचे दोन्ही काठ पुन्हा एकजीव करावे लागतात, हा धडा महाराष्ट्राने तेथे गिरविला.

आपल्या शहापूर तालुक्यालाही असा अनुभव आहे. भातसा धरणाच्या जलाशयात पाणी चढत असता १९८३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात परिसराला धक्क्यांमागून धक्के बसले. १५ सप्टेंबरचा धक्का सर्वांत मोठा, पाच रिश्टरच्या किंचित खालचा होता. त्या दिवसांत माणसे घराबाहेर निजत, असे वृद्ध मंडळी आम्हांस सांगतात. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या या तालुक्यात १८९२ चे तानसा धरण दगडी आहे. त्याच्या पोटात सळया नाहीत, म्हणून गंजाचे भयही नाही. गंजाचे भय आहे ते धरणाच्या परिसरात राहणाऱ्यांच्या शाळांना, टाक्यांना आणि घरांना.

गंजाने केवढा अनर्थ होतो, ते गोव्याने पाहिले. पणजीजवळ मांडवी नदीवरचा काँक्रीटचा पूल सत्तरच्या दशकाच्या आरंभी वापरात आला आणि जुलै १९८६ मध्ये कोसळला. खाऱ्या हवेत त्याच्या पोटातील ताणलेले पोलाद गंजले होते. पंधरा-सोळा वर्षे म्हणजे पुलाचे बालपणच म्हणावयाचे! त्यानंतर कित्येक वर्षे लोकांना पुन्हा फेरीबोटींनी नदी ओलांडावी लागली. आपल्या ठाणे खाडीवरील वाशीच्या पहिल्या पुलालाही याच रोगाने ग्रासले. त्याच्या शेजारी दुसरा पूल १९९७ साली सुरू झाला.

अगदी अलीकडची गोष्ट सांगावयाची, तर मुरबाडकरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरील उल्हासनगरात मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. वरचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर, असे ते पडत गेले. दोन्ही दुर्घटनांत मिळून दहाहून अधिक माणसे गेली. त्या इमारती काही शंभर वर्षांच्या नव्हत्या.

टंचाईच्या वर्षांचे बांधकाम

आमचे वसतिगृह ऐंशीच्या दशकातले. तो काळ वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परवाना मिळवावा, पोत्यांची वाट पाहावी, असा व्यवहार होता. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. टंचाईच्या त्या वर्षांत पोती पुरवून पुरवून वापरण्याकडे अनेकांचा कल असे. सिमेंट कमी, आणि माल सहज पसरावा म्हणून पाणी जास्त. जादा पाणी सुकून गेले, की त्याच्या जागी छिद्रे उरतात आणि तीच कर्बवायूची वाट होते.

त्यातच पीळ दिलेली 'टोर' सळई प्रचारात होती. ती साध्या गोल सळईपेक्षा बळकट, म्हणून कमी लागे. पण पीळ देताना तिच्यात ताण राहून जाई आणि गंज तिला लवकर धरी. शिवाय पाणी मारण्याची हयगय होई. भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीट निदान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असल्यास दहा दिवस, ओले ठेवावे लागते. ज्या पाड्यांत उन्हाळ्यात बायाबापड्या हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालतात, तेथे एप्रिल-मे महिन्यांत ओतलेल्या स्लॅबला सात दिवस पाणी कोण मारणार? धरणांच्या तालुक्यातील स्लॅब पाण्यावाचून कच्चे राहिले, हे आमच्या इतिहासातील एक कटू सत्य आहे.

दुरुस्तीची रीत

पोपडा पडल्यावर आम्ही मुरबाडकडच्या एका वृद्ध गवंडीमामांना बोलाविले. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "फादर, आधी पानी कुठनं येतंय ते बघा. पानी थांबल्याबिगर वर काय बी थापलं तरी ते पडनारच." नंतर आलेल्या अभियंत्यांनी हेच शास्त्राच्या भाषेत सांगितले. त्यांच्याकडून जी रीत समजली, ती थोडक्यात अशी.

प्रथम छताला टेकू द्यावेत आणि खालचा वावर बंद करावा. मग हातोडीने हलके ठोकून पोकळ भाग खडूने आखून घ्यावा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉफ्थॅलिनचे द्रावण शिंपडले, की निरोगी भाग गुलाबी होतो आणि अल्क गमावलेला भाग जसाच्या तसा राहतो. आमच्या छताच्या खालच्या थराला गुलाबी रंग जवळजवळ चढलाच नाही. मुलांना तो खेळ वाटला, आमचे मन मात्र खिन्न झाले.

नंतर सैल माल सळईच्या मागेपर्यंत, बोटभर जागा मोकळी होईल असा फोडावा. सळईचा केवळ पुढचा भाग साफ करून भागत नाही, कारण मागे राहिलेला गंज वाढतच राहतो. सळई घासून चकचकीत करावी. ती फार झिजली असेल, तर अभियंत्याच्या सल्ल्याने जोडीला नवी सळई द्यावी. मग गंजरोधक लेप, जुन्या-नव्याला सांधणारा थर, आणि त्यावर पॉलिमर मिसळलेला माल किंवा बारीक खडीचे काँक्रीट. त्यावरही पाणी मारणे आलेच. शेवटी वरच्या गच्चीचा कोबा आणि पाण्याचा उतार नीट करावा.

भेग भरण्यापूर्वी ती जिवंत आहे की थांबलेली, हे पाहावे. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून त्यावर तारीख लिहावी. काही महिन्यांत पट्टी तडकली, तर भेग अजून हलते आहे. थांबलेल्या भेगेत इपॉक्सी भरता येते. हलणाऱ्या भेगेत ते भरले, तर शेजारी दुसरी भेग पडते. तिला लवचीक द्रव्यच हवे. क्षाराने गंजलेल्या बांधकामात तर तुकड्यापुरती दुरुस्ती कधी कधी उलटते. दुरुस्त जागेतील सळई सुरक्षित होते, आणि तिच्या कडेची, क्षारात राहिलेली सळई अधिक वेगाने गंजू लागते. अशा ठिकाणी विद्युत्-रसायनाचा उपाय करतात. पोलादाला जस्तासारखा अधिक लवकर झिजणारा धातू जोडला, की तो स्वतः झिजतो आणि पोलाद वाचते. हे तत्त्व हम्फ्री डेव्ही याने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी वापरले होते. ॲस्पडिनच्या सिमेंटचेही वर्ष तेच! पुलाच्या काँक्रीटसाठी त्याचा पहिला प्रयोग मात्र १९७३ साली कॅलिफोर्नियात झाला.

आमच्यापुढील प्रश्न

वसतिगृहाच्या दुरुस्तीचा अंदाज आला, तेव्हा धर्मग्राम परिषदेत दीर्घ चर्चा झाली. त्याच वर्षी महोत्सवानिमित्त दर्शनी भागाला नवी फरशी आणि कमान करण्याचे ठरत होते, आणि वर्गणीही त्यासाठीच जमली होती. दात्यांना कमान दिसेल; छताच्या पोटातील घासलेली सळई कोणाला दिसणार? एका सभासदाने विचारले, "फादर, प्लास्टर करून पाच वर्षं नाही का निघणार?" आमच्याजवळ याचे उत्तर नव्हते. पाच वर्षे कदाचित निघालीही असती. तेव्हा आम्ही तो पोपडा, जो मुद्दाम जपून ठेवला होता, टेबलावर आणून ठेवला आणि बाक कोणत्या वेळी रिकामा होता, तेवढे सांगितले. एका मातेने, जिचा मुलगा त्या बाकावर बसे, कमानीसाठी दिलेली आपली रक्कम छताकडे वळविण्यास प्रथम संमती दिली. मग इतरांनीही दिली. काही दाते नाराज झाले आणि त्यांतील एक-दोघे आजही आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

महापालिकांच्या हद्दीत तीस वर्षे झालेल्या इमारतींची तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या खेड्यापाड्यांत असे विचारावयास सहसा कोणी येत नाही. म्हणून आपणच विचारले पाहिजे. ज्यांचे घर, शाळा वा सभागृह पंचवीस-तीस वर्षांचे झाले आहे, त्यांनी वैशाखात, पाऊस येण्यापूर्वी, एकदा छताखाली उभे राहून वर पाहावे. सळईच्या रेषेत जाणारी भेग, तपकिरी डाग, ओल, ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, यांपैकी काहीही आढळले, तर प्लास्टरवाल्यापूर्वी अभियंत्याला बोलवावे. आपल्या आज्यापणज्यांनी कौले शाकारण्याचा जो दिवस राखून ठेवला होता, तो स्लॅबच्या घरालाही हवाच आहे.

आमच्या व्हरांड्याची दुरुस्ती पुरी झाली, तरी मागच्या खोलीच्या भिंतीवरील एका भेगेवर काचेची पट्टी अजून चिकटविलेली आहे. तिच्यावरची तारीख मुलांपैकी एकाने लिहिली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही ती पाहून वहीत नोंद करतो. आजवर पट्टी अभंग आहे. वही पुढे येणाऱ्या धर्मगुरूंच्या हाती देऊ.